फोटो ‘एडिट’ केला का, एवढं विचारून भागत नाही

मे संपत आला की भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी या पट्ट्यातले काजव्यांचे फोटो फिरायला लागतात. हिरड्या-बेहड्याचं एखादं झाड, मागे निळसर काळं आकाश आणि खोडापासून शेंड्यापर्यंत हजारो पिवळे-हिरवे ठिपके. त्या फोटोवरून होणारं भांडणही ठरलेलं. एक बाजू म्हणते, हे सगळं फोटोशॉप आहे, प्रत्यक्षात असलं काही दिसत नाही, लोकांना फसवू नका. दुसरी बाजू म्हणते, फोटोग्राफी ही कला आहे, कलाकाराने काय करावं हे तुम्ही कोण सांगणार? आषाढात हाच वाद वारीच्या फोटोंवरून होतो, सप्टेंबरात कासच्या फुलांवरून, थंडीत भिगवणच्या रोहित पक्ष्यांवरून. माणसं बदलतात, मुद्दे तेच राहतात. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडत आहेत. एडिटिंग हा गुन्हा नाही आणि कला हे अभयपत्र नाही. फोटो काय म्हणून लोकांपुढे ठेवला आणि ते सांगणं खरं होतं का, यावर त्याचा खरेखोटेपणा ठरतो. एडिटिंग करताना उजेड-रंगाचा स्लायडर किती सरकवला याचा हिशेब त्यानंतरचा. या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने सगळ्यात जास्त हाल होतात ते हौशी छायाचित्रकाराचे. व्यावसायिकाला त्याचं गिऱ्हाईक सांगतं, बातमीदाराला त्याचं वृत्तपत्र सांगतं. हौशी माणसाला कोणीच काही सांगत नाही, आणि दोन्हीकडून बोलणी मात्र तोच खातो.

काजव्यांच्या फोटोपासूनच सुरुवात करू, कारण तो बनतो कसा हे भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. अंधार पडायच्या आधीच ट्रायपॉड लावून ठेवायचा. संधिप्रकाशात झाडाची आणि आकाशाची एक फ्रेम घ्यायची. मिट्ट काळोख झाला की कॅमेऱ्याला धक्का न लावता वीस-तीस सेकंदांचं एकेक एक्स्पोजर, एकामागोमाग एक, तासभर किंवा त्याहून जास्त वेळ घेत राहायचं. घरी आल्यावर त्या साऱ्या फ्रेम एकावर एक रचायच्या आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, की प्रत्येक पिक्सेलच्या जागी जी फ्रेम सर्वांत उजळ असेल तिचा प्रकाश ठेव. याला स्टॅकिंग म्हणतात. यात एकही काजवा बाहेरून आणलेला नसतो. प्रत्येक ठिपका त्याच झाडावर, त्याच रात्री खरोखर लुकलुकलेला असतो. पण तासाभरात लुकलुकलेलं सगळं एकाच क्षणी लुकलुकल्यासारखं दिसतं, आणि एकच काजवा वीस ठिकाणी चमकला असेल तर त्याचे वीस काजवे होतात. आता हा फोटो खरा की खोटा? त्याखाली ‘तासाभराच्या शंभरेक फ्रेम एकत्र केल्या आहेत’ असं लिहिलं, तर डोळ्यांना जे एका वेळी दिसूच शकत नाही ते दाखवणारी ती एक उत्तम नोंद आहे. ‘काल रात्री भंडारदऱ्याला असं दृश्य होतं’ असं लिहिलं तर ती थाप आहे. फाइल तीच, पिक्सेल तेच.

आणि ही थाप निरुपद्रवी नाही. तसं झाड बघायला मिळेल म्हणून मुंबई-पुण्याहून गाड्या येतात. प्रत्यक्षात अंधारात अधूनमधून चमकणारे थवे दिसतात. ते विलक्षण सुंदरच असतात, पण फोटोएवढे दाट नसतात. मग लोक आणखी जवळ जातात, टॉर्च मारतात, गाड्यांचे दिवे चालू ठेवतात, झाडाखालचं गवत तुडवतात. काजव्यांची चमक ही नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते. बाहेरचा उजेड आला की ती खूण हरवते. त्यांच्या अळ्या जमिनीत, पालापाचोळ्यात वाढतात, नेमक्या लोकांच्या बुटांखाली. याचा सगळा दोष फोटोवर टाकता येणार नाही, हे मान्य. पण फोटोसोबत एक ओळ जास्त लिहिली असती तर येणाऱ्याची अपेक्षा वेगळी असती. स्टॅकिंगवर बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही, आणि ‘कला आहे’ म्हणून हात झटकल्यानेही सुटत नाही.

‘नो एडिट’ हे बिरूद मिरवणाऱ्यांचा मला राग नाही. त्यामागे प्रामाणिक राहण्याची धडपड असते आणि तिचा मला आदर आहे. पण ज्याला ते अस्पर्श समजतात तो फोटो मुळात अस्पर्श नसतोच. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही, त्याला फक्त प्रकाश किती पडला एवढंच कळतं. म्हणून त्यावर लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या बारीक गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावे १९७६ मध्ये पेटंट झालेली ही रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. त्यात निम्म्या जागा हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. म्हणजे प्रत्येक पिक्सेलला तीनपैकी एकच रंग प्रत्यक्ष मोजता येतो, उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून गणिताने काढले जातात. त्यानंतर कॅमेरा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला मानायचं ते, ठरवतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो, कडा धारदार करतो, नॉइज म्हणजे दाणेदार ठिपके पुसतो आणि जेपेग बनवताना बरीच माहिती टाकून देतो. सेन्सरची कच्ची नोंद ठेवणाऱ्या १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक जागी उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असू शकतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ उरतात. हे सगळे निर्णय कोणी घेतले? कॅमेरा कंपनीतल्या, ते दृश्य कधीही न पाहिलेल्या अभियंत्यांनी. मोबाइलमध्ये तर बटण दाबल्यावर एक फोटो निघतच नाही. फोन भराभर अनेक फ्रेम घेतो, त्या जुळवतो, आकाश वेगळं आणि चेहरा वेगळा उजळतो आणि एकत्र केलेलं चित्र आपल्या हातात देतो. ते ‘नो एडिट’ म्हणून पुढे पाठवणारा माणूस खोटं बोलत नसतो. एडिटिंग दुसऱ्याने केलं, हे त्याला कळलेलं नसतं इतकंच.

रंगाच्या बाबतीत तर हे परकं एडिटिंग फार महागात पडलेलं आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅककडून प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी गोऱ्या स्त्रीचं चित्र असलेली कार्डं जात, ‘शर्ली कार्ड’ म्हणून ती ओळखली जातात. तिची कातडी नीट दिसली की रंग बरोबर, असा हिशेब. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचं काय होईल हा विचार त्यात नव्हताच. आजही पांढऱ्या भिंतीपुढे सावळ्या माणसाला उभं करून ऑटोवर फोटो काढा. प्रकाशमापक सगळी चौकट मधल्या करड्या छटेला आणू पाहतो, भिंत करडी होते आणि चेहरा काळवंडतो. त्या चेहऱ्याचा खरा रंग परत आणायचा तर सावल्या उचलाव्याच लागतात. इथे एडिट करणारा सत्याच्या जवळ जातो आणि ‘नो एडिट’वाला लांब राहतो. मग कोणाला प्रामाणिक म्हणायचं?

फिल्मच्या जमान्यात असलं काही नव्हतं, हा समजही टिकत नाही. १८५० च्या दशकातल्या ओल्या कोलोडियनच्या काचांना निळा रंग फार लवकर लागे, त्यामुळे समुद्र नीट आला तर आकाश कोरं पांढरं पडे. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापल्या, आणि त्या सागरचित्रांनी त्या काळी युरोपात नाव मिळवलं. याच दशकात, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार. म्हणजे आपल्याकडची छायाचित्रणाची हौस जवळजवळ या कलेइतकीच जुनी आहे, आणि हात फिरवण्याची सवयही. आपल्या स्टुडिओंमध्ये निगेटिव्हमागे दिवा ठेवून टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग भरणारे रिटचर असायचे. कृष्णधवल फोटोवर हाताने रंग चढवून शालूला लाल आणि दागिन्यांना सोनेरी केलं जायचं. वारलेल्या आजोबांचा एकमेव चेहरा एखाद्या ग्रुप फोटोतून उचलून, त्याला कोट-टोपी चढवून भिंतीवर लावला जायचा. घरातल्या कोणालाही त्यात फसवणूक वाटली नाही, कारण तो फोटो कसा बनला हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

अँसेल अ‍ॅडम्स या अमेरिकन निसर्गछायाचित्रकाराचं उदाहरण या वादात नेहमी येतं, पण अर्धवट येतं. १ नोव्हेंबर १९४१ ला न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा फोटो जगप्रसिद्ध आहे. त्याच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश फिकट आहे, त्यात ढगांचे पट्टे आहेत. पुढच्या काही दशकांत तीच निगेटिव्ह छापताना त्यांनी आकाश अधिकाधिक गडद केलं, ते जवळजवळ काळं झालं. पियानो शिकलेले अ‍ॅडम्स निगेटिव्हला स्वरलिपी मानत आणि प्रिंटला वादन. आपल्याला हे समजणं अजिबात अवघड नाही. बंदिश तीच, पण ती सकाळच्या मैफलीत आणि वीस वर्षांनंतर त्याच गळ्यातून वेगळी येते, म्हणून कोणी गायकाला खोटं ठरवत नाही. मात्र अ‍ॅडम्स यांचं नाव घेऊन ‘वाट्टेल ते चालतं’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की त्यांनी त्या आकाशात दुसरा चंद्र आणून बसवला नाही, आणि आपण डार्करूममध्ये काय करतो हे पुस्तकं लिहून, शिबिरं घेऊन जगाला शिकवलं. शिवाय ज्यांना पूर्वीच्या स्लाइड फिल्मचे रंग ‘नैसर्गिक’ वाटतात, त्यांनी १९९० मध्ये बाजारात आलेली फुजीची व्हेल्विया आठवावी. निसर्गचित्रं काढणाऱ्यांच्या ती गळ्यातला ताईत झाली ती तिच्या भडक हिरव्या-लालांमुळेच. सॅच्युरेशनचा, म्हणजे रंग भडक करण्याचा, स्लायडर तेव्हा डबीत भरून मिळायचा.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो असा की फोटोवर लोक विश्वास ठेवतात, शब्दांपेक्षा जास्त ठेवतात, आणि एकदा ‘थोडं चालतं’ म्हटलं की रेषा कुठे ओढणार? हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. त्याची किंमत जगाने मोजली आहे. २००३ मध्ये इराक युद्धात छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी बसऱ्याजवळ काही क्षणांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो जोडून एक अधिक नाट्यमय फोटो केला. तो छापून आला आणि लॉस एंजलिस टाइम्सने त्यांना काढून टाकलं. २००६ मध्ये बैरूतवरच्या धुराचे लोट क्लोन करून, म्हणजे फोटोतल्याच धुराची नक्कल चिकटवून, वाढवल्याचं उघड झालं तेव्हा रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराचे ९२० फोटो संग्रहातून हटवले. २०१६ मध्ये इटलीतल्या एका प्रदर्शनात नामवंत छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या क्यूबातल्या फोटोत एडिटिंगची ढोबळ चूक एका प्रेक्षकाने पकडली, आणि मग त्यांच्या इतर फोटोंतूनही माणसं, वस्तू काढल्याचं पुढे आलं. मॅकरी यांनी स्वतःला वृत्तछायाचित्रकाराऐवजी दृश्यांतून गोष्ट सांगणारा म्हणवून घेतलं. प्रश्न असा, की ही ओळख आधी का नव्हती सांगितली? लोकांनी ते फोटो जगाची नोंद म्हणून मनात साठवले होते.

पण या उदाहरणांतून ‘एडिट केला म्हणजे खोटा’ हा निष्कर्ष निघतो का? २०१० च्या वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत युक्रेनचे स्टेपान रुडिक यांचं पारितोषिक रद्द झालं. मूळ फोटो रंगीत होता. त्यांनी तो खूप कापला, कृष्णधवल केला, कडा गडद केल्या. त्यातल्या कशालाही परीक्षकांची हरकत नव्हती. हरकत होती ती पार्श्वभूमीतल्या एका पावलाचा बारीकसा तुकडा पुसण्याला. बाहेरच्या माणसाला हे उफराटं वाटेल, पण त्यात स्वच्छ तत्त्व आहे. तिथे जे होतं त्यावर उजेड-सावली हलवणं एक गोष्ट, तिथे काय होतं तेच बदलणं दुसरी. रेषा ओढता येते, आणि ज्यांनी विचार केला त्यांनी ती ओढलेली आहे.

उलट बाजू त्याहून बोलकी आहे. २००९ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत कुंपणाच्या फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला. पुढे परीक्षकांनी निष्कर्ष काढला की तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, आणि पारितोषिक काढून घेतलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. २०१७ ला ब्राझीलमध्ये रात्री चमकणाऱ्या वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊच्या फोटोला याच स्पर्धेत पारितोषिक मिळालं, आणि पुढच्या वर्षी तो प्राणी पेंढा भरलेला होता असं ठरवून ते रद्द झालं. तिथेही छायाचित्रकाराने इन्कार केला. मुद्दा असा, की दोन्ही प्रकरणांत आक्षेप पिक्सेलला हात लावल्याचा नव्हताच. ‘नो एडिट’च्या कसोटीवर हे दोन्ही फोटो शुद्ध ठरले असते. आपल्याकडे घुबडाच्या घरट्यापाशी फांद्या तोडून, पिंगळ्याला आमिष दाखवून काढलेले फोटो ‘कॅमेऱ्यातून जसेच्या तसे’ म्हणून मिरवले जातात. त्या फांद्या फोटोशॉपमध्ये पुसल्या असत्या तर निदान पिल्लांना ऊन लागलं नसतं. नियम पुसण्यावर आहे आणि तोडण्यावर नाही, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो, आणि तोही पोकळ नाही. एडिटिंगची सोय असली की नवशिक्या आळशी होतो, ‘नंतर बघू’ म्हणत वाकडं क्षितिज, चुकलेला फोकस, कापलेले पाय घरी घेऊन येतो. असं होतं, मी पाहतो. विकत किंवा फुकट मिळणारे प्रीसेट, म्हणजे एका टिचकीत लागणारे तयार रंगसंच, तर शिकणं पूर्ण थांबवतात. कोकणातला समुद्र आणि लडाखचं तळं दोन्ही एकाच निळ्या-केशरी रंगात बुडालेली दिसतात. पण एडिटिंगच्या टेबलावर बसल्याशिवाय कॅमेऱ्याची मर्यादाही कळत नाही. वारीतला दुपारी बाराचा फोटो घ्या. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि उन्हाने रापलेला चेहरा. चेहऱ्याला धरून एक्स्पोजर घेतलं की सदरा उडतो, म्हणजे नुसता कोरा पांढरा होतो, सदरा सांभाळला की चेहरा काळोखात जातो. घरी रॉ फाइल उघडून सावल्या उचलल्या तर चेहरा परत येतो, थोडा नॉइज येतो पण डोळे दिसतात. उडालेल्या सदऱ्यावर मात्र कोणताही स्लायडर चालत नाही, कारण तिथे माहितीच नोंदली गेलेली नाही. फक्त करडा रंग चढतो, कापडाची घडी परत येत नाही. हे एकदा स्वतःच्या फाइलवर पाहिलं की पुढच्या वर्षी दिवे घाटात माणूस आपोआप एक्स्पोजर थोडं कमी ठेवतो आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, उजवा काठ बघतो. हे शिक्षण ‘एडिट करूच नका’ म्हणणाऱ्या गुरूकडे मिळत नाही.

हौशी माणसाच्या अडचणी तरी कोणी नीट मांडतं का? त्याच्याकडे कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग-उजेड प्रमाणाला जुळवलेला, मॉनिटर नसतो. पूर्ण ब्राइटनेसवरच्या लॅपटॉपवर तो फोटो सजवतो आणि प्रिंट काळपट आली की लॅबवाल्याशी भांडतो. अ‍ॅडोब आरजीबी या जास्त रुंद रंगपट्ट्यात साठवलेला फोटो दुसरीकडे मलूल का दिसतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. अ‍ॅडोबने २०१३ पासून वर्गणीची वाट धरली, ती दरमहा भरणं विद्यार्थ्याला जड जातं, मग चोरीची प्रत येते. डार्कटेबल, रॉथेरपी, गिंप ही सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आणि कायदेशीर आहेत, पण मराठीत ती शिकवणारं साहित्य तुटपुंजं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो गेला की तो दाबला जातो, आणि कॅमेरा, लेन्स, वेळ ही फाइलमधली माहितीही गळून पडते. पुढे कोणी शंका घेतली तर मूळ फाइल स्वतः जपलेली असेल तरच त्याच्या हातात पुरावा राहतो. क्लबांच्या सभांमधून खरं तर यावर बोलणं व्हायला हवं. बोललं जातं ते ‘फोटोशॉप वाईट की चांगलं’ यावर.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण ‘कला आहे, काहीही चालतं’ हे म्हणणं मला जास्त अस्वस्थ करतं. वारीत भेटलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माउलीचा फोटो घेऊन क्लॅरिटी, म्हणजे बारीक तपशील ठळक करणारा स्लायडर, शेवटपर्यंत ओढली जाते. सुरकुत्या भेगांसारख्या होतात, कातडी मातकट करडी, पदराच्या कडेला पांढरट झालर. त्या बाईने हसून फोटो काढू दिलेला असतो, आणि प्रदर्शनात ती दुःखाचा पुतळा होऊन लटकते. एकही गोष्ट जोडलेली नाही, एकही पुसलेली नाही, स्पर्धांच्या एडिटिंगविषयीच्या कडक नियमांतही कदाचित बसेल. तरीही हे त्या माणसाविषयी असत्य आहे. ती तशी नव्हती. कलाकाराचं स्वातंत्र्य मला प्रिय आहे, पण त्याचा खर्च समोरच्या माणसाने त्याला न विचारता का सोसावा?

याहून रोजचं आणि म्हणून जास्त खोल गेलेलं उदाहरण पासपोर्ट फोटोचं. तालुक्याच्या गावात अर्जासाठी फोटो काढायला एखादी मुलगी येते. ऑपरेटर फोटो उघडतो, काही न विचारता कर्व्ह वर उचलतो, म्हणजे चेहरा उजळतो, गाल गुळगुळीत करतो, हीलिंग ब्रशने तीळ उडवतो आणि अर्ध्या मिनिटात आठ प्रती छापतो. अर्जात ओळखीची खूण म्हणून ‘डाव्या गालावर तीळ’ असं लिहिलेलं आणि फोटोतला गाल कोरा. बिचाऱ्याचा हेतू वाईट नसतो, गिऱ्हाईक खूश होतं असाच त्याचा अनुभव असतो. लग्नाच्या करिष्मा अल्बममध्येही नवरीचा चेहरा आणि तिचेच हात यांचे रंग जुळत नाहीत. त्या मुलीला काय कळतं यातून? तिचा चेहरा जसा आहे तसा कागदावर चालण्यासारखा नाही, एवढंच. हा रंगाचा जुना रोग आहे आणि सॉफ्टवेअरने तो जन्माला घातलेला नाही. पण दर वेळी न विचारता कर्व्ह उचलणारा हात त्याला खतपाणी घालतो. हौशी छायाचित्रकारांनी घरच्या समारंभात एवढं जरी पाळलं, की ज्याचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय रंग बदलायचा नाही, तरी खूप झालं. पुळी, खरचटलेलं, चार दिवसांत जाणारं काढा. जन्माचं आहे ते राहू द्या.

मार्च २०२४ मधल्या ब्रिटनच्या राजघराण्यातल्या फोटोने हा सगळा गुंता एका चौकटीत आणला. युवराज्ञी केट यांचा मुलांसोबतचा फोटो राजवाड्याकडून प्रसिद्ध झाला. मुलीच्या स्वेटरच्या बाहीपाशी जोड चुकलेला दिसला आणि एपी, रॉयटर्स, एएफपी यांसारख्या मोठ्या वृत्तसंस्थांनी तो काही तासांत मागे घेतला. दुसऱ्या दिवशी केट यांनी माफी मागताना म्हटलं, की अनेक हौशी छायाचित्रकारांप्रमाणे आपणही अधूनमधून एडिटिंग करून बघतो. ते अगदी खरं असणार. चार माणसांच्या फोटोत कोणाचे तरी डोळे मिटलेलेच असतात, आणि दोन फ्रेम जोडून सगळ्यांना हसतं करणं घरच्या अल्बमसाठी निर्मळ काम आहे. पण तोच फोटो बातमी म्हणून वृत्तसंस्थेच्या हातात दिला की त्याच्यासोबत ‘हा क्षण असा घडला’ हे वचन जातं. चूक बाहीत नव्हती. अल्बमचा फोटो बातमीच्या रांगेत उभा केला, चूक ती होती. गुगलच्या पिक्सेल ८ फोनमध्ये २०२३ पासून हीच सोय तयार मिळते, लागोपाठच्या फोटोंतले चेहरे अदलाबदल करून देणारी. म्हणजे हा प्रश्न राजवाड्यापुरता मर्यादित नाही.

आणि इथेच जुन्या वादाची वेळ संपत आली आहे. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपला. फोनने त्या धूसर गोळ्यावर खळगे आणि डाग भरून दिले. समोर नसलेला तपशील फोनला आधीपासून ठाऊक होता. त्याच वर्षी बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलाकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अ‍ॅवॉर्ड्समध्ये एआयने बनवलेली प्रतिमा पाठवली, ती एका विभागात निवडली गेली, आणि त्यांनी पारितोषिक नाकारून स्पर्धा अशा प्रतिमांसाठी तयार आहेत का, हा प्रश्न विचारला. आता कोपऱ्यातली विजेची तार निवडून एक शब्द लिहिला की तिथे कधीच नसलेलं झाड उगवतं. अशा वेळी सॅच्युरेशन दहाने वाढवलं म्हणून कोणाला खोटारडा म्हणत बसणं म्हणजे खऱ्या धोक्याकडे पाठ करणं आहे. मला रेषा अशी दिसते: फोटोतला तपशील त्या दृश्याच्या प्रकाशातून आला, की दुसऱ्या लाखो चित्रांच्या साठ्यातून? सावली उचलली, कापलं, दहा फ्रेम रचल्या, हे सगळं त्या दृश्याच्या प्रकाशातून आलेलं. भरलेलं झाड आणि उसना चंद्र बाहेरचा. एआयने नॉइज काढणारी साधनं या रेषेवरच उभी आहेत, कारण पक्ष्याची पिसं स्वच्छ करताना ती नवी पिसंही काढू शकतात. तिथे शंभर टक्के झूम करून मूळ फाइल शेजारी ठेवून बघणं आणि नसलेली पिसं दिसली तर मागे फिरणं, एवढा कष्ट छायाचित्रकाराने घेतलाच पाहिजे.

कॅमेऱ्यातच फोटोला सहीशिक्का देण्याची व्यवस्था आली आहे. लायकाच्या एम११-पी या कॅमेऱ्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये ती प्रथम आली. फोटो कुठल्या यंत्रातून आला आणि त्यावर काय झालं याची नोंद फाइलसोबत राहते. पण तो कॅमेरा हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि वाटेत माहिती गळाली तर नोंदीचा उपयोगही थोडाच. म्हणून जे करायचं ते आपल्याच स्पर्धांपासून आणि क्लबांपासून करावं लागेल. अमेरिकेतली फोटोग्राफिक सोसायटी (पीएसए), छायाचित्र-संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ (फियाप) आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी निसर्गछायाचित्राची एकच व्याख्या ठरवलेली आहे: कापण्यापलीकडे काहीही जोडायचं, हलवायचं, पुसायचं नाही, पण एचडीआर (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम एकत्र करणं), फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम एकत्र करणं), उजेड-सावली सारखी करणं चालेल. या संस्थांची मान्यता घेतलेली प्रदर्शनं आपल्याकडे भरतात. गणेशोत्सवात, वर्धापनदिनाला, दिवाळीत होणाऱ्या गावोगावच्या स्पर्धा मात्र अजून ‘एडिट केलेले फोटो बाद’ असं एका ओळीत लिहितात आणि मोबाइलचे फोटो आनंदाने घेतात. त्या ओळीचा अर्थ आयोजकालाही सांगता येत नाही, आणि फोटो बाद झालेल्या कॉलेजच्या मुलाला तर तो कोणीच सांगत नाही.

आयोजकांकडे माझं मागणं अगदी छोटं आहे. नोंदीचा आणि कल्पनेचा असे दोन विभाग करावेत. दुसऱ्यात काय वाटेल ते करू द्यावं, एआयसुद्धा, फक्त ते तसं लिहून. पहिल्यासाठी अर्जात चार ओळींची जागा ठेवावी: किती फ्रेम, काय जोडलं किंवा पुसलं, प्राणी रानातला की बंदिस्त, आणि माणूस असेल तर त्याला विचारलं होतं का. अंतिम फेरीत मूळ फाइल मागावी, मोबाइलवाल्याकडे रॉ नसेल तर फोनमधली पहिली प्रत. बक्षीस समारंभात पहिल्या तीन फोटोंच्या मूळ फाइल पडद्यावर शेजारी लावाव्यात आणि छायाचित्रकाराला पाच मिनिटं देऊन त्याने काय केलं आणि का केलं ते सांगू द्यावं. त्या हॉलमध्ये बसलेल्या नवशिक्यांना कुठल्याही महागड्या कार्यशाळेत मिळणार नाही इतकं त्या पाच मिनिटांत मिळेल.